ऑनलाइन स्टार्टअप: आधी आपल्या देशात की थेट जगभर?

वेबसाइट कुठूनही उघडते, त्यामुळे धंदाही पहिल्या दिवसापासून जगभर चालेल असं वाटतं. पण पान उघडणं वेगळं आणि गिऱ्हाइकानं त्यावर पैसे भरणं वेगळं. बाजार किती मोठा आहे हे मोजत बसण्याआधी मी एक प्रश्न विचारेन: तुमच्या ग्राहकाला उपयोग व्हायचा, तर त्याच्या जवळपास आणखी कुणी असावं लागतं का?

लागत असेल, तर स्थानिकच. टॅक्सी, घरपोच जेवण, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री अशा सेवांत पन्नास देशांत विखुरलेले हजार लोक एकमेकांच्या काही कामाचे नसतात. तेच हजार एका शहरात असले की ड्रायव्हर रिकामा बसत नाही आणि प्रवासी ताटकळत नाही. फेसबुक २००४ मध्ये एकट्या हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालं, मग एकेक कॉलेज जोडत गेलं. सर्वांसाठी खुलं झालं ते २००६ मध्ये. उलट, उबरसारख्या बलाढ्य कंपनीलाही चीनमधला व्यवसाय २०१६ मध्ये स्थानिक प्रतिस्पर्धी दीदीकडे सोपवावा लागला. अशा धंद्यात प्रत्येक नवं शहर म्हणजे जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात.

ग्राहक एकटा बसून वापरेल असं साधन असेल, तर पारडं फिरतं. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी कामाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. एका देशात असे कारागीर मूठभर. जगभरातले मिळून धंदा उभा राहू शकतो. इथे घरच्या बाजारात अडकून राहणं ही मला मोठी चूक वाटते. मात्र पगारपत्रक किंवा करहिशेबाचं सॉफ्टवेअर याला अपवाद आहे. तेही एकट्यानं वापरायचं असतं, पण त्याचा प्रत्येक नियम त्या-त्या देशाच्या कायद्याला बांधलेला असतो. गाण्यांचंही तसंच: स्पॉटिफाय युरोपात २००८ मध्ये आलं, अमेरिकेत पोहोचायला २०११ उजाडलं, कारण संगीताचे हक्क देशागणिक मिळवावे लागतात.

आता खर्चाची बाजू. स्थानिक सुरुवातीत एक कायदा, एक चलन, एक भाषा. बाहेर पडलात की युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, तुमची कंपनी कुठलीही असली तरी तिथल्या ग्राहकांना सेवा देताना लागू होतो. दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्के किंवा २ कोटी युरो, यांतला जो जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. डिजिटल सेवेवरचा तिथला व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, २०१५ पासून ग्राहकाच्या देशानुसार आकारला जातो. नोंदणी एकाच ठिकाणी करता येते, हा मोठाच दिलासा. तुमच्या वतीनं विक्रेता म्हणून उभ्या राहणाऱ्या आणि कर भरणाऱ्या कंपन्याही आहेत. त्या कमिशन घेतात, पण दोन-तीन जणांच्या टीमनं ते आनंदानं द्यावं.

ग्राहकसेवेचं गणित साधं आहे: तुम्ही झोपलेले असताना तक्रार आली तर उत्तर कोण देणार?

निर्णय होत नसेल, तर घरच्या बाजारात सुरू करा आणि ग्राहकनोंदणी परदेशासाठी खुली ठेवा. एखाद्या देशातून जाहिरात न करता लोक येऊ लागले, तर त्यांतल्या दहा जणांशी स्वतः बोला. ते पैसे कसे भरतात ते विचारा. ब्राझीलचा ग्राहक पिक्स, म्हणजे तिथली झटपट पैसे पाठवायची सोय, वापरत असेल आणि तुमच्याकडे फक्त क्रेडिट कार्ड चालत असेल, तर भाषांतराआधी ते जोडून घ्या.