भाड्याने वस्तू देण्याचं अ‍ॅप: आखाजीपासून भरीत पार्टीपर्यंत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी माळ्यावरचं मोठं पातेलं, गॅसची भट्टी आणि घडीची शिडी मी या अ‍ॅपवर टाकली. जळगावात मंडपवाले खूप, पण एका पातेल्यासाठी कोण येतं? त्यामुळे गिऱ्हाईक लगेच लागलं. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणासाठी पातेलं तीन घरी फिरलं, आता भरीत पार्ट्या सुरू आहेत तर भट्टीला उसंत नाही. पैसे वेळेवर मिळाले, वस्तूही धड परत आल्या. तक्रार त्याची नाही.

कानबाई झाल्यावर मी चार दिवस माहेरी, पाचोऱ्याला जाणार होते. अ‍ॅपच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखा ‘उपलब्ध नाही’ म्हणून लाल केल्या. दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाचा मेसेज आला, “ताई, गुरुवार ते रविवार घरी कोणीच नाही का? मग शिडी कोणाकडून घेऊ?” त्याच्या मनात काही नसेलही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. नकाशावर घराची खूण, फोटोत मागे स्कूटरचा नंबर आणि दारावरची पाटी, त्यात घर कधी बंद असतं तेही मीच लिहून दिलेलं!

आता मी घरी असतानाही मधले काही दिवस लाल करते. फोटो कोऱ्या भिंतीसमोर काढते आणि कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवते, कारण फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश राहू शकतात. देणंघेणं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर. यूपीआय आयडीत मोबाइल नंबर होता, तोही बदलला. ‘अनामत पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारे दोघे भेटले; पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं माहीत असल्याने वाचले.

एक चूक माझीही. सुरुवातीला मी प्रत्येकाकडून आधार कार्डाचा फोटो मागायचे. एकदा गॅलरी उघडली तर त्यात अकरा परक्या लोकांचे पूर्ण आधार क्रमांक! त्यांनी माझ्यावर केवढा भरवसा ठेवला होता. सगळे पुसले. आता फक्त अनामत घेते. फारच वाटलं तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार.

पाचपैकी तीन तारे. ‘अंदाजे ठिकाण दाखवा’ हा पर्याय आहे, पण सेटिंगमध्ये खोल दडवलेला. तो पहिल्यापासूनच चालू हवा. आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क लिहिलेला असताना, शिडीची जाहिरात काढून दोन महिने झाले तरी जुना फोटो अजून दिसतो, दारावरच्या पाटीसकट.