माझा आठवडा वाईट, जेफ बेकचा भारी: रॉनी स्कॉट्सची डीव्हीडी

गेला आठवडा म्हणजे नुसता डोक्याचा भुगा. तीन डेडलाईन एकाच दिवशी, त्यात ऐनवेळी एक फाईल आख्खी बदलून आली, झोपेचं खोबरं, आणि डोळा लागलाच तर स्वप्नात पण एक्सेलच. बुधवारी रात्री लॅपटॉप धाडकन बंद केला आणि का कोण जाणे ब्रिटिश रॉक गिटारिस्ट जेफ बेकची आठवण आली. जानेवारी 2023 मध्ये गेला तो, 78 वर्षांचा होता, तेव्हापासून ही डीव्हीडी मी लावलीच नव्हती. शोधून काढली तर कव्हरवर नाव काय, 'परफॉर्मिंग धिस वीक... लाईव्ह ॲट रॉनी स्कॉट्स'. म्हटलं बरोबर आहे, धिस वीक तूच परफॉर्म कर बाबा, माझ्याच्यानं काय होत नाहीये.

तर रेकॉर्डिंग 2007 च्या नोव्हेंबरमधलं, लंडनचा रॉनी स्कॉट्स हा जॅझ क्लब, जागा एवढीशी की पहिल्या टेबलावरच्या माणसाला ॲम्पची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याची, धग लागत असेल. बेक 63 वर्षांचा, ड्रम्सवर विनी कोलायुटा, कीबोर्डवर जेसन रिबेलो आणि बेसवर ताल विल्कनफेल्ड, ती तेव्हा अवघी 20 वर्षांची. स्टीव्ही वंडरनं लिहिलेलं 'कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स' येतं त्यात ती बेसवर सोलो घेते, तेव्हा बेककडे बघा फक्त. हा माणूस 1965 ला गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनच्या जागी यार्डबर्ड्स या बँडमध्ये आलेला, सगळं करून बसलेला, आणि शेजारी उभा राहून लहान पोरासारखा हसतोय, नातीनं पहिलं बक्षीस आणावं तसा! मी तेवढाच तुकडा चार वेळा मागे घेऊन बघितला.

पण खरी गंमत उजव्या हातात आहे. पिक (तार छेडायची चकती) नाहीच, अंगठ्यानं आणि बोटांनी वाजवतो, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, आणि ट्रेमोलोची दांडी, म्हणजे तारा सैल-ताठ करून सूर वरखाली करणारी, ती तळहाताशी. म्हणजे तार छेडायची, आवाज बारीक ठेवून मग हळूच वर आणायचा, त्यामुळे छेडल्याचा टण् ऐकूच येत नाही, सूर कुठूनतरी उगवल्यासारखा येतो, आणि मग दांडी जराशी दाबून किंवा उचलून त्याला हलवायचं. हे सगळं एकाच हातानं चाललंय हे कळायलाच मला पहिल्यांदा वर्ष लागलं होतं.

'नादिया' लावा. संगीतकार नितीन साहनीची रचना, मूळ गाणं गायलंय स्वाती नाटेकरनी, आणि बेक ते आख्खं गिटारवर 'गातो'. मींड आहे, मधल्या हरकती आहेत, सुराला खालून अलगद येऊन भिडणं आहे. आपल्याकडे गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला फरक लगेच कळतो, बाकीचे रॉकवाले अशा ठिकाणी स्केल चढून-उतरून मोकळे होतात, हा थांबतो. मला तर वाटतं वेग दाखवणारे गिटारिस्ट पैशाला पासरी, असा श्वास घेणारा एखादाच. (माझा एक मित्र म्हणतो ते सगळं दांडीचं कौतुक आहे. त्याच्या गिटारला पण दांडी आहे, त्याचं वाजवणं मी ऐकलंय.)

'एंजल'मध्ये स्लाईड (तारेवर घासायची नळी) घेऊन तो गिटारची पडद्यांची फळी संपते त्याच्याही पुढे जातो, पार पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या वर, जिथे पडदेबिडदे काही नाहीत, निव्वळ कानाच्या भरवशावर. आणि सूर चोख. बीटल्सच्या 'अ डे इन द लाईफ'ला 2010 साली ग्रॅमी मिळालं ते याच रेकॉर्डिंगमधलं, ते छानच आहे पण मला शेवटचं 'व्हेअर वेअर यू' जास्त आवडतं, नुसत्या हार्मोनिक्सना (तारेला हलकं बोट लावून काढलेले घंटेसारखे सूर) दांडीनं वाकवून चाल उभी केलीये.

तक्रारी पण आहेत. कॅमेरावाल्याला नको तिथे घाई, हातावर नजर ठरली की हा दुसरीकडे पळतो, अरे थांब की दोन मिनिटं! पाहुणी गायिका जॉस स्टोनचा भाग मी दर वेळी पुढे ढकलतो, वाईट नाही, पण मूड मोडतो. दुसरी गायिका इमोजन हीप मात्र चुकवू नका, आणि शेवटी शेवटी क्लॅप्टन येऊन दोघं ब्लूज वाजवतात ते तर नाहीच नाही. एक लक्षात ठेवा, 2008 ला आलेल्या सीडीत हे पाहुणे नाहीत, घ्यायचीच तर डीव्हीडी किंवा ब्लू-रे घ्या, कारण यात ऐकण्याइतकंच बघण्यासारखं आहे. आवाज चांगल्या हेडफोनवर ऐका, टीव्हीच्या स्पीकरवर ती करंगळीची कामं सगळी वाया जातात.

पाचपैकी साडेचार, अर्धा कॅमेरावाल्याचा कापला. बुधवारी बघून झालं तेव्हा दीड वाजला होता, फाईल तशीच पडलेली, मी परत 'नादिया' लावलं.