‘सगळं टाकून देतो, ताई’ : असेंबल्ड पीसी, दहा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी १८ जुलैला मी माझ्या टायपिंग-डीटीपी सेंटरसाठी दोन असेंबल्ड कॉम्प्युटर घेतले. आठवड्याभरात कौतुकाच्या चार ओळी लिहून पाच तारेही दिले होते. ते मत आज मागे घेतेय. मशीन वाईट निघाली म्हणून नव्हे, मशीन चांगलीच आहेत. मशीनबरोबर ‘फ्री’ म्हणून जे मिळालं, त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी मशीनचं सांगते. आय-थ्री १२१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, २२ इंची मॉनिटर. प्रत्येकी ३६,८०० रुपये, जीएसटी धरून. माझी जुनी मशीन २०१४ ची होती. त्यांत टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप नाही आणि प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून पावसाळ्यातच खरेदी उरकली. नवी मशीन पंधरा सेकंदांत चालू होतात. दोनशे पानी स्मरणिकेची फाइलही अडखळत नाही. चौथ्या महिन्यात एकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) गेला, तर दुकानदारानं सहा दिवसांत वॉरंटीत बदलून दिला, एक रुपयाही मागितला नाही. हार्डवेअरच्या बाबतीत माझी त्या दुकानाबद्दल आजही तक्रार नाही.

कोटेशन मात्र व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूवर लिहून दिलं होतं. खाली एक ओळ होती : ‘विंडोज ११ प्रो + ऑफिस फ्री’. मी विचारलंही, “दादा, ओरिजनल आहे ना?” त्यावर उत्तर आलं, “सगळं टाकून देतो, ताई. ॲक्टिव्हेटेड मिळेल. फक्त अपडेट मारू नका.”

ते शेवटचं वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. आज कोणी नवा पीसी घेताना दुकानदाराच्या तोंडून ते ऐकलं, तर तिथंच थांबावं. खऱ्या विंडोजला अपडेटची भीती नसते.

एका मशीनवर मी माझ्या जुन्या पीसीतला विकतचा अँटिव्हायरस चढवला, त्याचं लायसन्स शिल्लक होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं एक फाइल ‘हॅकटूल’ म्हणून काढून टाकली. दुकानात फोन केला, तर म्हणाले की चुकीचा अलार्म आहे, दुर्लक्ष करा. मी दुर्लक्ष केलं. खरेदीपासून बरोबर १८० दिवसांनी, म्हणजे यंदाच्या संक्रांतीला, त्याच मशीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ अशी फिकट ओळ उमटली.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन आहे, सणाला घरी आला होता. तिळगूळ हातात तसाच ठेवून तो माझ्या सेंटरमध्ये येऊन बसला. काळी खिडकी उघडून त्यानं एक आज्ञा दिली आणि म्हणाला, “मावशी, हे केएमएस आहे.” मोठ्या कंपन्या शेकडो मशीनसाठी एकगठ्ठा परवाना घेतात. त्यांच्या ऑफिसात एक सर्व्हर असतो आणि प्रत्येक मशीन त्याच्याशी बोलून १८० दिवसांची मुदत मिळवतं. दर सात दिवसांनी ते मुदत वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. माझ्या मशीनमध्ये त्या सर्व्हरचं सोंग करणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला होता. अँटिव्हायरसनं तो काढला, पुढची मुदतवाढ थांबली आणि दिवस भरले.

दुसऱ्या मशीनवर तशी ओळ नव्हती. मला वाटलं, ते तरी खरं असेल. त्यानं तीच आज्ञा तिथं दिली, तर पुढच्या महिन्यांतली एक तारीख आली. स्वतंत्र विकत घेतलेल्या परवान्यावर तारीख येत नाही, ‘कायमस्वरूपी ॲक्टिव्हेटेड’ असं येतं. मग त्यानं विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमधली वगळलेल्या जागांची यादी उघडली. तिथं एकच नोंद होती : पूर्ण सी ड्राइव्ह. म्हणजे सोंग करणारा प्रोग्रॅम पकडला जाऊ नये म्हणून पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं की घरात कुठंच बघू नकोस. शिवाय अपडेटची सेवाच बंद केलेली. जुलैपासून एकही सुरक्षा दुरुस्ती त्या मशीनवर आली नव्हती.

त्या संध्याकाळी मी काय विचार करत बसले, ते लिहिणं मला भाग आहे. माझं सेंटर तहसील कचेरीपासून जवळ आहे. लोक येतात ते आधार, पॅन, सातबारा, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक घेऊन. व्हॉट्सॲपवर पाठवतात, पेन ड्राइव्हवर आणतात. दिवसाला तीस-चाळीस अनोळखी पेन ड्राइव्ह त्या दोन मशीनना लागतात. एखादी आजी नातवाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला येते आणि आपलं पासबुक माझ्या टेबलावर विश्वासानं ठेवते. तिचे कागद सहा महिने पहारा नसलेल्या घरात पडून होते. काही चोरीला गेल्याचं आढळलं नाही, पण गेलं असतं तर मला कळलं असतं, असं मी म्हणू शकत नाही. लायसन्सचा विषय निघाला की लोक म्हणतात, त्या मोठ्या कंपनीला आपल्या दहा हजारांनी काय फरक पडतो. मीही म्हणत होते. माझ्यासमोरचा प्रश्न त्या आजीचा होता.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-बी आहे. सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस आणि कमाल ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. माझा वापर धंद्याचाच. त्या कलमातले ‘माहीत असून’ हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. संक्रांतीपर्यंत मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत होते, त्यानंतर नाही.

दुकानात गेले. दादा शांतपणे म्हणाले, “आणा मशीन, पुन्हा मारून देतो, ३०० रुपये.” मला खरं लायसन्स हवंय म्हटल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर २५ अक्षरी ‘की’, म्हणजे विंडोज चालू करायचा कोड, पाठवली. ७०० रुपये, ‘लाइफटाइम’. ती चालली आणि मशीनवर ‘कायमस्वरूपी’ही आलं. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, वाट बघ. ४१ दिवसांनी ती की ब्लॉक झाली. ती एमएके जातीची होती, म्हणजे कुठल्या तरी संस्थेला ठरावीक संख्येची मशीन चालू करायला दिलेली, आणि ती सुटीसुटी करून विकली जात होती. ऑनलाइन पाचशे-सातशेला मिळणारे असले कोड बहुतेक याच वाणाचे असतात, नाहीतर भंगारात गेलेल्या मशीनचे. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याच आज्ञेच्या लांब उत्तरात परवान्याचा प्रकार लिहिलेला असतो : रिटेल (सुटा विकत घेतलेला), ओईएम (मशीनबरोबर आलेला) किंवा व्हॉल्यूम (संस्थांचा एकगठ्ठा). किरकोळ दुकानातून घेतलेल्या एकट्या मशीनवर ‘व्हॉल्यूम’ दिसायचं काहीच कारण नाही.

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तक्रार नोंदवली, दुकानानं ७०० रुपये परत केले. त्यापुढं गाडी सरकली नाही आणि त्याचं कारण माझ्याच फाइलमध्ये होतं. पक्क्या बिलावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट सगळं सीरियल नंबरसकट आहे, पण विंडोजचं नाव कुठंच नाही. ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘सेवे’च्या व्याख्येत मोफत दिलेली सेवा येत नाही. ‘फ्री’ हा शब्द मला सवलत वाटला होता. प्रत्यक्षात त्या एका शब्दानं दुकानदार मोकळा झाला आणि बेकायदा प्रत वापरणारी म्हणून मी उरले. खरं तर प्रत उतरवून देणाराही त्याच कायद्यात दोषी आहे. या धंद्यात त्याला ‘हार्ड डिस्क लोडिंग’ असं नावही आहे. पण कागद नसताना हे सिद्ध करणार कसं?

आता काय केलं ते. एका मशीनला मी विंडोजचं रिटेल लायसन्स घेतलं, दहा हजारांच्या वर गेलं. ओईएम स्वस्त पडलं असतं, पण ते मदरबोर्डला बांधलेलं असतं. बोर्ड जळला की लायसन्सही गेलं. आमच्याकडे वळिवाच्या दिवसांत विजेचा काय खेळ चालतो ते मला माहीत आहे, एक एसएमपीएस आधीच गेलाय. रिटेल दुसऱ्या मशीनवर हलवता येतं. एसएसडी पूर्ण पुसून पहिल्यापासून बसवलं. जुन्या लोडिंगवर नुसती खरी की मारू नका, आधी कोणी काय घालून ठेवलंय ते आपल्याला दिसत नाही.

हे मशीन विंडोजवर ठेवणं भागच होतं. श्रीलिपी हे मराठी टायपिंग-फॉन्टचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि माझं निम्मं काम श्रीलिपीत आहे. तिचं डोंगल, म्हणजे मशीनला लावायची परवान्याची चावी, मी २०११ मध्ये विकत घेतलं, तेव्हा हप्त्यानं पैसे भरले होते. हे आठवलं आणि मन खाऊ लागलं. डोंगल लावल्याशिवाय चालत नव्हतं म्हणून श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचे पैसे मी दिले. विंडोज पैसे न देता चालत होतं म्हणून दिले नाहीत. या दोन व्यवहारांत माझा प्रामाणिकपणा कुठं होता, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या मशीनवर भाच्यानं विंडोजऐवजी उबंटू २४.०४ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घातली. खर्च शून्य, परवाना खुला, एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट. माझ्याकडं काम करणारी मुलगी इनस्क्रिप्ट या युनिकोड कीबोर्डवर टाइप करते, त्यामुळं तिचे हात दुसऱ्या दिवशी बसले. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिसमध्ये अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बायोडेटा व्यवस्थित होतात. फॉन्ट म्हणाल तर एक टाइपचा मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे सगळे मोफत आणि कायदेशीर. शोभिकेत छापलेली एक स्मरणिका पाहून गिऱ्हाइकानं फॉन्टचं नाव विचारून घेतलं. अडचणीही आहेत. वर्डमधून आलेले क्लिष्ट तक्ते हलतात, पान पुन्हा लावावं लागतं. डिजिटल सहीचं टोकन मी तिथं लावतच नाही. आमचा जुना लेझर प्रिंटर उबंटूवर नीट बसला नाही, म्हणून प्रिंट पीडीएफ करून विंडोजच्या मशीनवरून काढतो. दिवसाकाठी अर्धा तास त्यात जातो.

लॅपटॉप घेणाऱ्यांसाठीही लिहिते, कारण मार्चमध्ये माझ्या भावानं घेतला. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोज आधीपासून असेल, तर तिचा कोड मशीनच्या बायोस चिपमध्येच असतो, ती चिंता नाही. घोळ ऑफिसचा होतो. डब्यावर ऑफिस असल्याचं लिहिलेलं असतं, ते कधी कायमचं असतं तर कधी महिन्याच्या ट्रायलपुरतं. कायमचं असेल तर ज्या ईमेलवर ते पहिल्यांदा घेतलं, त्याच खात्याला ते चिकटतं. भावाच्या लॅपटॉपवर दुकानातल्या मुलानं घाईत दुकानाचाच ईमेल टाकला होता. महिनाभर पाठपुरावा करावा लागला. लॅपटॉप बंद डब्यात घरी आणा आणि पहिलं खातं आपल्या हातानं उघडा. ‘डॉस’वाला लॅपटॉप चार-पाच हजारांनी स्वस्त दिसला तर त्यात विंडोजच नाही एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार ते ‘टाकून देतो’ म्हणाला, की माझी वरची गोष्ट पहिल्या परिच्छेदापासून सुरू होते.

टॅली वापरणाऱ्या शेजाऱ्यांनी मला विचारलं, टॅलीचा फुकटचा एज्युकेशनल मोड चालतो की! चालतो, पण त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात. तो शिकण्यासाठी आहे, दुकानाच्या वह्या ठेवण्यासाठी नाही.

आणि एक कबुली राहिली. विंडोज स्वच्छ केलं त्या रात्री माझ्या लक्षात आलं की पेजमेकर (पानं लावायचं) आणि कोरल (चित्रं-डिझाइनचं) या सॉफ्टवेअरच्या माझ्याकडच्या प्रतीही अशाच हातोहात आलेल्या आहेत. पंधरा वर्षांचं काम त्यांत आहे. पेजमेकर तर आता विकतही मिळत नाही, ७.० नंतर नवी आवृत्ती आलीच नाही. दोन्ही काढून टाकले. लग्नपत्रिका आता इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करते, गणपतीची चित्रं आणि किनारी नव्यानं काढाव्या लागल्या. पेजमेकरच्या फाइल स्क्रायबस या पानं लावायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये उतरवून रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात. साधारण १४० फाइल होत्या. रोज सेंटर बंद केल्यावर दोन-तीन करते. आज ९६ झाल्या. राहिलेल्यांत २०१३ ची गावच्या जत्रेची स्मरणिका सगळ्यात मोठी आहे, ती मे संपायच्या आत हातावेगळी करायची आहे.