खाऱ्या पाण्याची टाकी: गोव्याचं पाणी की पिशवीतलं मीठ?

बेळगावात समुद्री माशांसाठी 400 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची, तर पाणी आणायचं कुठून? चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून काहीजण कॅन घेऊन निघतात. पाणी फुकट, पण वजन भरतं 410 किलो; डिझेल आणि कंबर कोण मोजतो? त्यात पावसाळ्यात मांडवी-झुआरी गोडं पाणी ओततात, किनाऱ्याचा खारटपणा उतरतो. कॅनमध्ये कोंडलेले सूक्ष्म जीव मेले की अमोनिया वाढतो, तो वेगळाच.

पिशवीतलं मीठ म्हणजे मरीन सॉल्ट, पाण्यात विरघळवून समुद्राचं पाणी बनवायचं तयार मिश्रण. ते महाग, खरं आहे. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला 14 किलो. पुढे मात्र पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलताना दीड किलोच्या आत भागतं. नळाचं पाणी तसंच वापरू नका, आरओ-डीआयमधून, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टरमधून काढा. पिंपात मीठ घालून, पंप सोडून रात्रभर ढवळू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर थेंब टाका, विशिष्ट घनता 1.025 दिसली की झालं. स्वयंपाकाच्या मिठाचं तर नावच काढू नका.

मी मिठाच्या बाजूचा. प्रवाळ पाळायचे असतील तर दुसरा विचारच नको. नुसते क्लाउनफिश असतील आणि डिसेंबरात गोव्याला जाणं होणारच असेल, तर दोन कॅन भरून आणायला हरकत नाही. बंदराजवळून मात्र नको.