ब्रश, साबण आणि दुधारी पानाचा रेझर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दाढीनंतर गाल ओढल्यासारखे वाटणं, दुपारपर्यंत हनुवटीवर पांढरी साल सुटणं, गळ्यावर लाल पुरळ. हे सगळं पातं बदललं की थांबेल असं बहुतेकांना वाटतं. आठ महिने हाच संच वापरल्यावर मत ठाम झालंय: दोष पात्याचा कमी, पाणी आणि फेसाचा जास्त. रेझर चांगलाच आहे, पण नुसता रेझर बदलून कोरडेपणा गेला नसता.

कोरडा खुंट चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिला की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणून दाढी अंघोळीनंतर लगेच, किंवा ओला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरून. पाणी कोमट हवं, कढत नको. कढत पाण्याने त्वचेवरचं तेल निघून जातं आणि पातं लागायच्या आधीच कोरडेपणाची सुरुवात होते.

फेसावर सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण गडबड तिथेच होते. ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा आणि हलकेच झटकायचा, पिळायचा नाही. साबणावर तीस सेकंद फिरवला की केसांच्या टोकांवर दाट, चिकट लेप येतो. हा अजून फेस नव्हे. आता वाटीत किंवा थेट गालावर ब्रश फिरवत अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत जायचं, साधारण चार-पाच वेळा. आधी मोठे बुडबुडे दिसतात, मग ते बारीक होतात आणि शेवटी फेसावर दह्यासारखी ओली चकाकी येते. चकाकी येईपर्यंत थांबायचं नाही. फेस चिमटीत धरून बोटं घासून बघावीत: सुळकन घसरली तर तयार, अडखळली तर पाणी कमी. नवशिक्यांचा फेस जवळजवळ नेहमी कोरडाच असतो. दिसायला भरघोस, पण पात्याखाली नुसती हवा. डब्यातून फुस्स करून निघणाऱ्या फोमचंही तेच. वायूने फुगवलेला असल्याने ढीग मोठा दिसतो, त्वचेवरचा ओला थर मात्र पातळ असतो आणि लवकर सुकतो.

पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर चांगला साबणही हरतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून राखाडी साका करतात, फेस बसतो आणि तो साका चेहऱ्यावर राहून खाज आणतो. दाढीपुरतं एक पेला आरओचं किंवा उकळून निवळलेलं पाणी घेऊन बघा. आठ महिन्यांतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ठळक फरक हाच आहे.

आता रेझर. वजनदार मूठ, दोन्ही कडांना धार असलेलं एकच पातं, म्हणजे पान. पाच पात्यांच्या कार्ट्रिजने एकदा हात फिरवला की त्वचेवरून पाच धारा जातात, आणि प्रत्येक धार केसाबरोबर वरच्या मृत पेशींचा थर थोडा थोडा खरवडते. इथे किती धारा फिरवायच्या ते आपल्या हातात राहतं. मूठ गालाशी साधारण तीस अंशांत धरायची आणि दाब अजिबात द्यायचा नाही. वजन रेझरचं, हात फक्त दिशा देतो. कोन बरोबर असेल तर खुंट कापल्याची बारीक खरखर ऐकू येते. हा कोन अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे सहज जातात आणि तेवढ्या काळात जबड्याच्या कडेला एखादं-दुसरं ओरखडणं होतंच.

पहिला हात केसांच्या दिशेने. दुसरा, पुन्हा फेस लावून, आडवा. केसांच्या उलट दिशेने फिरवलेला हात गालांवर चालतो, गळ्यावर मात्र टाळावा. तिथले केस बऱ्याच जणांना भोवऱ्यासारखे उगवतात. कातडी ताणून उलटं कापलं की टोक त्वचेखाली जातं, वाढताना आतच वळतं आणि लाल गाठ उठते. दोन दिवसांचे खुंट बोटाने चाचपून कुठे कुठली दिशा आहे ते एकदा समजून घ्या. फेस निघालेल्या जागी “जरा राहिलंय” म्हणून पुन्हा पातं लावणं ही सगळ्यात नडणारी सवय. निम्मी जळजळ तिथूनच येते.

पान चार-पाच दाढ्यांनंतर टाकलेलं बरं. खुंट राठ असेल तर तीननंतर. केस ओढल्यासारखा वाटला की त्याच क्षणी बदलायचं. टॉवेलने पुसू नये, धारेवरचं लेपन खराब होतं. पाण्याखाली धुऊन, झटकून, सुकू द्यावं.

साबण अल्कधर्मी असतो, पीएच साधारण नऊ-दहा. त्वचेचा पाचच्या आसपास. म्हणून शेवटी धुणं नीट व्हायला हवं, विशेषतः कानाखाली आणि जबड्याच्या वळणाला, जिथे फेस हमखास राहतो. गार पाण्याने धुवायचं, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. चेहरा दमट असतानाच वाटाण्याएवढं, बिनसुगंधी मॉइश्चरायझर. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, सेरामाइड किंवा व्हॅसलिनसारखं काही ते उडू देत नाही. दोन्ही असलेलं घ्यावं. युरिया असलेलं क्रीम इतर वेळी उत्तम, पण ताज्या दाढीवर झोंबतं. तुरटी रक्त थांबवते, मात्र रोज सगळ्या चेहऱ्यावर फिरवली तर त्वचा आणखी कोरडी पडते. जिथे कापलंय तिथेच लावा, तीस सेकंदांनी धुऊन टाका. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह आणि मेन्थॉल कोरड्या त्वचेला नकोच. गारवा म्हणजे आराम नव्हे.

तक्रारी आहेत. बारा मिनिटं लागतात, घाईच्या सकाळी हा संच हातात घेऊ नये. ब्रशचे केस पहिले दोन आठवडे गळाले, नंतर थांबले. विमानात ही पानं हातातल्या बॅगेत चालत नाहीत. रात्री रेटिनॉल किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावत असाल तर दाढीच्या आदल्या रात्री सुट्टी द्या. आणि पुरळात पू धरला किंवा आठवडाभर रेझर बंद ठेवूनही लाली उतरली नाही, तर साबण बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.