चिनी विडियाची डबी: कुहीच्या लेथवरचा अनुभव

राइस मिलचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरच्या पिना हेच आमच्या कुहीच्या (नागपूर जिल्हा) लेथवरचे मुख्य काम असल्यामुळे सीएनएमजी १२०४०८ या आकार-मापाच्या, धातू कापणाऱ्या चिनी कार्बाइड टिपांची दहा नगांची डबी मी नागपूरच्या एका दुकानातून आणली. कारागीर या टिपेला सर्रास विडिया म्हणतात; ते मुळात जर्मनीच्या क्रुप कंपनीचे व्यापारी नाव असून त्याचा अर्थ 'हिऱ्यासारखा' असा होतो.

पहिल्या डबीने निराशा केली. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या शाफ्टवर दुसऱ्याच फेरीत टिपेच्या माथ्यावर, धारेमागे, नखाएवढा खळगा पडला. लेबल नीट पाहिले तेव्हा त्यावर लाल पट्टा, म्हणजे बिडासाठीचा (ओतीव लोखंडासाठीचा) के वर्ग होता; पोलादाला निळ्या पट्ट्याचा पी वर्ग लागतो. दुकानदाराने न वापरलेल्या आठ टिपा तक्रार न करता बदलून दिल्या, पण वाया गेलेल्या दोन टिपांचे पैसे बुडाले. चूक त्याची खरी, पण लेबल न वाचणारा मीही तितकाच दोषी.

बदलून मिळालेल्या टिपांविषयी मात्र तक्रार नाही. अखंड काप असेल तर किस निळसर, आखूड तुकडे होऊन पडतो आणि एका टिपेच्या चारही धारा पुरेपूर वापरता येतात. चावीचा खाचा असलेल्या शाफ्टवर मात्र काप मध्येच तुटतो आणि धार झडते. तिथे वेग कमी ठेवावा.

भाव मात्र मागच्या वेळेपेक्षा बराच चढा होता. टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधून ही टिप बनते आणि या दोन्ही धातूंची नाडी परदेशात आहे: जगातले बहुतांश टंगस्टन काढणाऱ्या चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि कोबाल्टचा सर्वात मोठा उत्पादक असलेल्या काँगोने त्याच महिन्यात कोबाल्टची निर्यात काही महिने थांबवली. आमच्याच कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनचे खनिज असल्याची भूवैज्ञानिकांची नोंद आहे, तरी टिप येते ती चीनहूनच.

दुकानदार झिजलेल्या टिपा वजनावर परत घेतो, ही या दुकानाची सर्वात चांगली सोय. पूर्वी आम्ही त्या लोखंडी किसाबरोबर भंगारात टाकत असू. आता लेथशेजारी त्यांच्यासाठी चहापत्तीचा रिकामा डबा ठेवला आहे, आणि तो अर्धा भरला तरी उचलताना मनगटाला ताण जाणवतो.