सुरक्षा घ्यायला गेले आणि डोमेन घालवून बसले

आधी माझे किती पैसे गेले तो आकडा सांगून टाकते, कारण सगळे पहिला तोच विचारतात. ९५३ डॉलर. त्यातले ११९ साइटच्या सुरक्षेच्या पहिल्या वर्षाच्या पॅकेजचे, ६८४ नूतनीकरणाचे आणि १५० साइट ‘पुन्हा चालू’ करण्याचे. नऊ वर्षं वापरलेलं डॉट कॉम नाव, म्हणजे साइटचा पत्ता, म्हणजेच डोमेन, गेलं ते वेगळंच, त्याची किंमत मला लावता येत नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते आता दुसऱ्याच्या हातात आहे आणि तिकडे कुणी चुकूनही जाऊ नये.

मी शिवणाचे पॅटर्न विकते. गिऱ्हाईक पैसे भरतं, पीडीएफ उतरवून घेतं, कुठे अडलं तर मेल करतं. सगळा धंदा साइट आणि मेल या दोन गोष्टींवर उभा. डोमेन एका रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे, होतं, वर्षाला १३.९८ डॉलर. होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि डीएनएस (ते नाव टाकलं की कुठल्या सर्व्हरकडे जायचं हे सांगणाऱ्या नोंदी) दुसरीकडे. नऊ वर्षांत एकदाही काही अडलं नव्हतं. ‘तुला टेक्निकल कळत नाही म्हणून फसलीस’ असं मला दोन-तीन जणांनी तोंडावर ऐकवलं, म्हणून सांगते. मला कळतं. एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा ती नोंद), एसपीएफ (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ती नोंद), सगळं माझं मीच घालत होते. तरीही फसले.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका जुन्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमधून) कुणीतरी साइटमध्ये घुसलं. गिऱ्हाईक पॅटर्नवर क्लिक करायचं आणि जुगाराच्या साइटवर जाऊन पडायचं. दोन रात्री मी झोपले नाही. शोधताना साइटच्या सुरक्षेची सेवा देणारी एक कंपनी सापडली. साफसफाई, फायरवॉल, डीडॉसपासून (खोट्या रहदारीचा मारा करून साइट पाडण्यापासून) संरक्षण, एसएसएल (साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती कुलूपबंद ठेवणारं प्रमाणपत्र), डीएनएस आणि डोमेन, सगळं एकाच डॅशबोर्डवर, पहिल्या वर्षी ११९ डॉलर. पैसे भरल्यापासून चार तासांत साइट साफ झाली. ते काम त्यांनी खरंच चोख केलं, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच. चोरी करणारा आधी काम वाईट करेल अशी आपली समजूत असते. ती सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी चॅटवर निरोप आला: “मॅडम, पूर्ण संरक्षण लागू करायला डोमेन आमच्याकडे ट्रान्सफर करावं लागेल. फुकट आहे, वर एक वर्ष वाढवून मिळेल.”

आता नीट वाचा, कारण इथेच मी थांबायला हवं होतं. संरक्षण देणारी सेवा तुमच्या सर्व्हरच्या पुढे उभी राहते. येणारी रहदारी आधी तिच्याकडे, मग तुमच्याकडे. त्यासाठी तिला तुमचा ए रेकॉर्ड किंवा सीनेम (नाव कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी) बदलून लागतो, फार तर नेमसर्व्हर (त्या नोंदी ठेवणारे सर्व्हर). डोमेनची नोंदणी कुठे आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. हे मला माहीत होतं! मी विचारलंसुद्धा. चॅट मी जपून ठेवलाय, माझी ओळ अशी आहे: “फक्त नेमसर्व्हर बदलले तर चालणार नाही का?” उत्तर आलं, “चालेल मॅडम, पण मग पूर्ण संरक्षणाची हमी देता येणार नाही.”

‘चालेल’ म्हणाला तो. त्या एका शब्दावर मी खिडकी बंद करायला हवी होती. पण दोन रात्रींचं जागरण होतं, ‘हमी’ हा शब्द ऐकला आणि मी जुन्या रजिस्ट्रारकडे जाऊन डोमेन हलवू न देणारं लॉक काढलं, ऑथ कोड घेतला आणि त्या चॅटमध्ये चिकटवला. पलीकडून अर्ध्या मिनिटात “थँक यू मॅडम” आलं. ऑथ कोड म्हणजे डोमेन घेऊन जाण्याची किल्ली. सुरक्षेच्या नावाखाली जो हा कोड मागतो, तो तुमची मालकी मागतोय.

आणि ते ‘वाढवून मिळणारं’ एक वर्ष? डॉट कॉम कुठूनही कुठेही ट्रान्सफर केलं तरी मुदत एक वर्षाने वाढतेच, तो नियम आहे. मला तो बक्षीस म्हणून विकला.

नंतर जुन्या रजिस्ट्रारचा मेल आला. ट्रान्सफरची विनंती आली आहे, नको असेल तर इथे क्लिक करा, काहीच केलं नाही तर ५ दिवसांनी ट्रान्सफर होईल. मी तो मेल फोनवर वाचला. ‘काही करायची गरज नाही’ म्हणून बाजूला ठेवला. पाच दिवस माझ्या हातात होते. पाच पूर्ण दिवस! आजही डोळा लागताना तो मेल समोर येतो.

मालकी कशी सरकली ते मला वर्षभराने कळलं. त्यांच्या अटींमध्ये एक ओळ होती, की नोंदणीत बदल करायचा झाल्यास ग्राहक कंपनीला आपला ‘नेमलेला प्रतिनिधी’ करतो. असा प्रतिनिधी मालक बदलायला तुमच्या वतीने होकार देऊ शकतो. ट्रान्सफर झाल्यावर त्यांनी मालकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, माझ्या वतीने स्वतःच होकार दिला आणि वर प्रायव्हसीचं, म्हणजे मालकाचं नाव बाहेरच्यांपासून लपवण्याचं, झाकण घातलं. मी बाहेरून पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. म्हणून प्रायव्हसी कुणाकडूनही घ्या, पण खात्याच्या आत ‘रजिस्ट्रंट’ (नोंदणीतला मालक) म्हणून कुणाचं नाव आहे ते आजच बघा. तुमचं नसेल तर ते डोमेन तुमचं नाही, मग पैसे कितीही वर्षं भरलेले असोत.

दुसऱ्या आठवड्यात साइट संथ झाली तेव्हा मला डोमेन परत न्यायचं होतं. उत्तर आलं, ट्रान्सफरनंतर ६० दिवस हलवता येत नाही. हे खरं आहे. घाईत नेलेलं डोमेन तेवढे दिवस तिथेच अडकतं. साठ दिवसांनी माझा राग ओसरला होता, कामं होती, मी विसरले.

एप्रिलमध्ये नूतनीकरणाचं बिल आलं. ६८४ डॉलर. महिन्याला ५७. मी लिहिलं की सुरक्षा नको, फक्त डोमेन ठेवा, त्याचे पैसे देते. उत्तर: पॅकेज तोडता येत नाही. मग मी आपोआप नूतनीकरण रद्द करण्याचं बटण दाबलं. पॅकेजचे १९ दिवस शिल्लक होते आणि डोमेनची मुदत तर ऑगस्टपर्यंत होती. मला वाटलं, १९ दिवसांत सगळं दुसरीकडे नेईन. त्याच रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी साइट गेली, मेल गेला. डीएनएसचे सगळे रेकॉर्ड पुसून टाकले होते.

लॉगिन करायला गेले तर पडद्यावर आलं: ‘तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर कोड पाठवला आहे.’ नोंदणीकृत ईमेल त्याच डोमेनचा होता. एमएक्स रेकॉर्डच नाही तर मेल येणार कुठून? मी चॅटवर विनवण्या केल्या. “सुरक्षेच्या कारणास्तव ईमेल बदलता येत नाही, मॅडम.” मोबाइलवर कोड पाठवा म्हटलं, तेही जमत नाही म्हणाले. पण पैसे भरायची लिंक मोबाइलवर दोन मिनिटांत आली. ६८४ अधिक १५०. रात्री दीड वाजता मी ८३४ डॉलर भरले. साइट सकाळी परत आली. मेल परत आला तो डीकेआयएम रेकॉर्डशिवाय (मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या नोंदीशिवाय), त्यामुळे पुढचे आठ-दहा दिवस माझ्या ऑर्डरचे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडत होते. माझ्याकडे झोन फाइलची, म्हणजे सगळ्या डीएनएस नोंदींच्या यादीची, प्रत नव्हती. डीएनएसच्या डॅशबोर्डवर बहुधा एक्सपोर्टचं बटण असतं. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता जाऊन ते दाबा.

रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल कधीही देऊ नका.

मग मी ऑथ कोड मागितला. ‘रिलीज चार्ज’ ३९५ डॉलर, असं उत्तर आलं. इथे माझं डोकं फिरलं आणि मी बँकेत ८३४ डॉलरचा चार्जबॅक (कार्डवरून गेलेले पैसे परत मागण्याचा अर्ज) टाकला. कुणीही टाकला असता! पण त्या ६८४ मध्ये डोमेनच्या नूतनीकरणाचे १८ डॉलर होते. आयकॅनच्या (डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमांत ट्रान्सफर नाकारण्याची कारणं ठरलेली आहेत, आणि नोंदणीचे पैसे न भरणं, चार्जबॅक धरून, हे त्यातलं एक आहे. मी स्वतःच्या हाताने त्यांना कारण दिलं. दोन दिवसांत डोमेनवर ‘क्लायंट होल्ड’ लागलं, म्हणजे नाव नोंदलेलं, पण जगात कुठेच उघडत नाही. भांडायचंच असेल तर डोमेन बाहेर काढल्यावर भांडा. आणि डोमेनचं बिल बाकी कुठल्याही बिलात मिसळू देऊ नका.

आता मदतीचं ऐका. आरडॅपवर (डोमेनच्या नोंदणीची माहिती शोधायच्या सेवेवर) शोधलं तेव्हा कळलं की ही कंपनी रजिस्ट्रार नव्हतीच, रीसेलर होती, म्हणजे दुसऱ्या रजिस्ट्रारची सेवा विकणारी. खऱ्या रजिस्ट्रारला लिहिलं. उत्तर: आपल्या सेवा पुरवठादाराशी संपर्क साधा. सात मेल, सातही वेळा तेच वाक्य, खाली सही करणारं नाव फक्त वेगळं. रीसेलरच्या वागण्याची जबाबदारी करारानुसार रजिस्ट्रारवर असते, हे मी कलमासकट लिहून पाठवलं. पुन्हा तेच वाक्य. आयकॅनचा नियम असा की मागितल्यापासून ५ दिवसांत कोड द्यावा लागतो, पण मागणारा नोंदणीतला मालक हवा. नोंदणीत मी नव्हतेच.

बँकेने आधी ८३४ डॉलर तात्पुरते जमा केले आणि ४६ दिवसांनी परत काढून घेतले. कारण काय, तर व्यवहार मी स्वतः ओटीपी टाकून केला होता, अटींवर टिक माझी होती, सेवा ‘पुरवली गेली’ होती. मी म्हटलं, मानेवर पाय ठेवून घेतलेला होकार हा होकार असतो का? फोनवरची बाई म्हणाली, “तुमचा फीडबॅक नोंदवून घेते.”

सायबर पोलिसांकडे गेले. तक्रारीच्या अर्जात ‘काय चोरीला गेलं’ याच्या पुढे मोबाइल, लॅपटॉप, खातं, कार्ड आणि इतर. मी ‘इतर’वर खूण करून डोमेन लिहिलं. समोरच्या माणसाने विचारलं, “म्हणजे वेबसाइटच ना? मग नवीन काढा ना, त्यात काय?” नऊ वर्षांचं नाव, गिऱ्हाइकांनी पॅटर्नच्या कागदावर छापून ठेवलेला पत्ता, आणि म्हणे नवीन काढा. मी छापील चॅट, बिलं, स्क्रीनशॉट असा ५२ पानांचा गठ्ठा दिला होता. तीन आठवड्यांनी एका ओळीत तक्रार बंद: दिवाणी स्वरूपाचा वाद. तो गठ्ठा कुणी उघडला नसणार, कारण मी लावलेली पिन जशीच्या तशी होती. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर विचारलं, कंपनी कुठल्या देशातली? बिलावर एक देश, साइटवर दुसरा, कार्डच्या नोंदीत तिसरा. तिन्ही दाखवले. “मग आमच्या अखत्यारीत कसं येईल?” असं म्हणून माझे कागद मलाच परत दिले. कुणाच्याच अखत्यारीत येत नाही म्हणून तर असले लोक पोसले जातात!

लोक म्हणतात, नोंदणी, डीएनएस आणि फायरवॉल अशी तीन ठिकाणी तीन खाती ठेवणं कटकटीचं. कटकट काय असते ते मला विचारा. फायरवॉलवाला अडला तर डीएनएसमध्ये एक रेकॉर्ड बदलून तुम्ही त्याला बाजूला करू शकता. डीएनएसवाला अडला तर रजिस्ट्रारकडे जाऊन नेमसर्व्हर बदलता येतात. डॉट कॉमची जुनी नोंद दोन दिवसांपर्यंत रेंगाळते आणि डीएनएससेक (डीएनएस नोंदी खऱ्या असल्याची डिजिटल सही) असेल तर आधी रजिस्ट्रारकडचा त्याचा डीएस रेकॉर्ड काढावा लागतो, पण मार्ग असतो. अडवणारा लबाडच हवा असंही नाही. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर डीडॉस हल्ला झाला आणि ट्विटर, गिटहबसारख्या साइट काही तास कित्येकांना उघडेनात. अशा वेळी नोंदणी स्वतःच्या ताब्यात असलेला माणूस दुसऱ्या डीएनएसकडे जाऊ शकतो. नोंदणीच त्या एका खात्यात असेल तर बाहेर पडायला दारच उरत नाही. रजिस्ट्रार असा निवडा जो फक्त नाव सांभाळतो आणि बाकी काही गळ्यात मारत नाही.

जुन्या नावावर आता जाहिरातींचं पान आहे. त्याहून भयंकर गोष्ट मेलची. ज्याच्याकडे डोमेन, तो त्यावरच्या कुठल्याही पत्त्याचे मेल घेऊ शकतो, म्हणजे पासवर्ड बदलायचे कोडही त्याच्याकडे जाणार. त्या पत्त्यावर माझी ६१ खाती होती. वहीत यादी केलीय, आत्तापर्यंत ४४ बदलली. काल रात्री फोटो साठवायचं एक खातं आठवलं, सगळ्या पॅटर्नचे मूळ फोटो त्यात आहेत. ईमेल बदलायला गेले. पडद्यावर आलं: ‘तुमच्या जुन्या ईमेलवर कोड पाठवला आहे.’